जळगावात उतरून सातपुड्याच्या जंगलात: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

बाहेरगावचे बहुतेक पाहुणे जळगाव स्टेशनवर उतरतात, अजिंठ्याची गाडी धरतात, लेणी पाहतात आणि रात्रीच्या रेल्वेने परततात. अजिंठा इथून जेमतेम साठ किलोमीटर आहे आणि तो पाहायलाच हवा. (सोमवारी लेणी बंद असतात, एवढं लक्षात ठेवा.) पण पावसानंतरच्या स्वच्छ हवेत विदगावच्या तापी पुलावर उभं राहून उत्तरेला पाहिलं की आडवी निळी रेघ दिसते. तो सातपुडा. त्याच्या कुशीत यावल अभयारण्य आहे, आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेत गौताळा. जळगावसारख्या रणरणत्या शहरातून निघून दोन तासांत तुम्ही अस्वलाच्या मुलखात असता. तिथे नीट कसं जायचं, हे नवीन माणसाला कुणी सविस्तर सांगत नाही. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. खानदेशात घड्याळापेक्षा उन्हाचं वेळापत्रक मोठं. कुठे जायचं हे नंतर ठरवा, केव्हा जायचं ते आधी.

आधी महिना ठरवा

जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरंच खाली. समुद्र लांब, तापीचं खोरं दोन्ही बाजूंनी डोंगरांनी अडवलेलं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी बाराला भर बाजारातले रस्ते ओस पडतात. हेच जळगाव डिसेंबरात पहाटे इतकं गारठतं की शेकोटीपासून उठवत नाही. पुण्याच्या हवेचा अंदाज बांधून आलात तर दोन्ही वेळेला फसाल.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. नद्या-नाल्यांना थोडंफार पाणी असतं, सकाळी दहा-अकरापर्यंत निवांत चालता येतं, पाणवठ्यांवर थंडीचे पाहुणे पक्षी असतात. शिवाय भरताची वांगी याच दिवसांत येतात. पहिल्यांदा येणाऱ्याने दुसरा विचारच करू नये.

मार्च ते एप्रिलचा पहिला पंधरवडा माझ्या आवडीचा. साग, सालई, अंजन सगळे पानं झाडून मोकळे झालेले, मधूनच पळस पेटलेला, खाली मोहाच्या फुलांचा गोड उग्र वास. झाडीत लांबपर्यंत दिसतं आणि जनावरं उरल्यासुरल्या पाण्याकडे येतात. पण साडेदहाच्या आत जंगलातून बाहेर पडायची शिस्त अंगी असेल तरच या. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यातल्या गावांतून भोंगऱ्या बाजार भरतात. पावरा, बारेला, भिल्ल आदिवासी कुटुंबं नटून-थटून, ढोल घेऊन येतात. जरूर जा, पण तो त्यांच्या घरचा सण आहे हे विसरू नका. बायका-मुलींचे फोटो न विचारता काढणं इथे कुणालाच आवडत नाही.

एप्रिलच्या उत्तरार्धापासून पाऊस पडेपर्यंत जंगलासाठी येऊ नका. माझं मत या बाबतीत पक्कं आहे. त्या दिवसांत जंगलात पाणी थोडं असतं आणि ते जनावरांचं असतं.

जुलै ते सप्टेंबर डोंगर हिरवागार. मनुदेवीचा धबधबा, पाटणादेवीचं धवलतीर्थ, सातपुड्यातले सगळे नाले तेव्हाच खरे. मात्र हे डोंगरी नाले वर पाऊस झाला की खाली कोरड्या उन्हातही अचानक भरून येतात. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर घोटाभर असलं तरी गाडी घालू नका. थांबा, तास-दोन तासांत ओसरतं.

कसं यायचं, कुठे उतरायचं

जळगाव मुंबई-हावडा मुख्य मार्गावर आहे आणि सुरतेकडून येणारी लाइन इथेच मिळते. त्यामुळे गाड्यांची चिंता नाही. एखादी गाडी जळगावला थांबत नसेल तर भुसावळचं तिकीट काढा. ते पंचवीस किलोमीटरवर मोठं जंक्शन आहे आणि पालच्या (यावल अभयारण्यातलं गाव) बाजूला जायला तर तेच सोयीचं. भुसावळ-खंडवा लाइनवर सावदा आणि रावेर ही स्टेशनंही आहेत, पण तिथे थोड्याच गाड्या थांबतात.

नकाशा समजून घ्यायला सोपी युक्ती सांगतो. तापीच्या उत्तरेला बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता सातपुड्याच्या पायथ्याला समांतर धावतो. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा ही गावं त्यावर ओळीने येतात. जंगलात शिरायची जवळजवळ प्रत्येक वाट या रस्त्यावरून उजव्या-डाव्या फाट्याने फुटते. पश्चिमेकडे तोंड केलंत तर उजव्या हाताला सातपुडा, डाव्या हाताला तापी. एवढं डोक्यात बसलं की मोबाईलची रेंज गेली तरी दिशा चुकत नाही. फैजपूरला चहाला थांबलात तर आठवा, १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन याच गावी झालं.

एस. टी. सगळ्या तालुक्यांना जाते. पायथ्याच्या गावांपर्यंत ती उत्तम. पुढच्या शेवटच्या पंधरा-वीस किलोमीटरसाठी मात्र दिवसभराची गाडी ठरवलेली बरी. चालक स्थानिकच घ्या. रस्ता, नाका, कुठल्या गावात कुणाला विचारायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. दर, मुक्कामाचं भाडं आणि डिझेल कुणाचं हे निघण्याआधी बोलून घ्या.

पहिला दिवस शहरात काढा

रात्रभर गाडीत बसून आल्यावर थेट जंगलात जाऊ नका. शरीराला इथल्या कोरड्या हवेची सवय व्हायला एक दिवस लागतो. सकाळी मेहरूण तलावाला फेरी मारा. हिवाळ्यात मेहरूणची बोरं मिळाली तर सोडू नका. दुपारी जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ पाहा. २०१२ साली सुरू झालेलं हे संग्रहालय नीट पाहायला अडीच-तीन तास लागतात, आणि उन्हाची वेळ सावलीत जाते. संध्याकाळी वेळ असेल तर आसोद्याला जाऊन या. बहिणाबाई चौधरींचं हे माहेर. १८८० साली त्या इथे जन्मल्या. अक्षरओळख नसलेल्या या बाईने घरोटं (जातं) ओढताना, शेतात राबताना जे रचलं, त्यातली नांगरट, पेरणी, सुगरणीचा खोपा हे सगळं तुम्ही पुढचे चार दिवस रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघणार आहात.

जेवणाचं सांगायलाच हवं. थंडीत भरीत खा. हिरवी, मोठी, कमी बियांची वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे घालून फोडणी देतात. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सोबत कळण्याची भाकरी मागा. ज्वारीत उडीद घालून दळतात त्याला कळणा म्हणतात. शेवभाजी वर्षभर मिळते. तिखटाची सवय नसेल तर ‘तर्री कमी’ म्हणून आधीच सांगा. आणि जंगलात जायच्या आदल्या रात्री शेवभाजीऐवजी वरण-बट्टी किंवा साधी खिचडी खा.

परवानगी

अभयारण्यात शिरणं म्हणजे वनविभागाच्या घरात शिरणं. आत जायला परवानगी लागते, नाक्यावर नोंद करावी लागते, शुल्क भरावं लागतं आणि सूर्यास्ताआधी बाहेर यावं लागतं. मुक्काम करायचा असेल तर वनविश्रामगृहाचं आरक्षण आधी करा. पालला वनविभागाचं विश्रामगृह आहे, पण ऐनवेळी गेलात आणि एखाद्या सरकारी दौऱ्यासाठी ते भरलेलं असलं तर पायथ्याच्या गावापर्यंत परत यावं लागेल. एका नोव्हेंबरात मी चार मित्रांना घेऊन, ‘तिथे गेल्यावर बघू’ असं म्हणून निघालो होतो. नाक्यावरून परत फिरलो आणि दिवस वाया गेला. तेव्हापासून आठ दिवस आधी कार्यालयात जाऊन किंवा फोन करून विचारल्याशिवाय मी निघत नाही. नियम, शुल्क, कुठला भाग खुला आहे, हे दर हंगामात बदलू शकतं.

पाल आणि यावल अभयारण्य

या लेखातलं मुख्य ठिकाण हेच. सावद्याहून खिरोद्यामार्गे पालचा रस्ता धरायचा. सुरुवातीला दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, इतक्या दाट की आतलं माणूस दिसत नाही. संध्याकाळी लघुशंकेसाठी म्हणूनसुद्धा या बागांत शिरू नका. गारव्याला आणि आडोशाला बिबटे तिथे बसतात, शेतकरीही पाण्याची पाळी द्यायला रात्री एकटे जात नाहीत. मग बागा संपतात, चढ लागतो, आणि चार-दोन वळणांत झाडं बदलतात.

यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १७५ चौरस किलोमीटर, उत्तरेची हद्द मध्य प्रदेशाला लागून. हे कोरडं पानगळीचं जंगल आहे. कोकणातलं किंवा कर्नाटकातलं दाट हिरवं रान डोळ्यांपुढे ठेवून आलात तर पहिला तास तुम्हाला ‘इथे काय आहे?’ असं वाटेल. तो तास जाऊ द्या.

अंजनाचं झाड ओळखायला शिका, तिथून सुरुवात करा. पान फुलपाखराच्या दोन पंखांसारखं, मध्ये जोडलेलं. खडकातून, जिथे मूठभर माती नाही तिथून ते सरळ वर जातं. त्याचं लाकूड इतकं जड की कुऱ्हाड उसळते. सालईची साल कागदासारखी सुटते आणि जखमेतून सुगंधी डिंक पाझरतो. धावडा, तेंदू, बेहडा, मोह, साग असं एकेक नाव चालकाला, वाटाड्याला विचारत जा. नावं कळली की जंगल वाचता येतं.

जनावरांत बिबट्या, अस्वल, तडस, सांबर, चितळ, चौशिंगा आहेत. पण जिप्सीत बसून ओळीने प्राणी दाखवणारं हे ठिकाण नाही. इथे बहुधा दिसतात ते ठसे, अस्वलाने उकरलेली वारुळं, झाडांवरचे नखांचे ओरखडे, लेंड्या. मला हे अपुरं वाटत नाही. पाणवठ्याच्या ओल्या मातीत पहाटेचे ताजे ठसे पाहून कोण कुठून आलं, किती वेळ थांबलं, कुणाची चाहूल लागून पळालं हे वाटाड्या उलगडून सांगतो, तेव्हा प्राणी समोर असल्यासारखाच असतो.

वाटाड्या घ्याच. पालच्या आसपास पावरा, बारेला आणि तडवी भिल्लांची गावं, पाडे आहेत. वनविभागाकडे विचारलंत तर तिथलाच कुणी सोबत देतात. त्याला ‘ए’ म्हणून हाक मारू नका. वयाने बरोबरीचा असेल तर भाऊ किंवा दादा, मोठा असेल तर बाबा, बाईला ताई, मावशी. सपाटीवरच्या गावांत आप्पा, बापू, आबा म्हटलं की माणसं मोकळी बोलतात. चोपड्याच्या पुढे, पश्चिमेकडे कुणी अहिराणीत ‘कसं काय शे?’ म्हणालं तर हसून ‘बरं शे’ म्हणा. पाणी तरी नक्कीच विचारतील.

रानपिंगळा

या पक्ष्यासाठी वेगळी जागा द्यायला हवी, कारण जगभरातले पक्षीनिरीक्षक खानदेशाचं नाव त्याच्यामुळे जाणतात. रानपिंगळ्याची, म्हणजे जंगलातल्या या छोट्या घुबडाची, शास्त्रात नोंद झाली १८७३ साली. पुढे खानदेशात कलेक्टर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात इथून त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी खात्रीने कुणाला दिसलाच नाही. तो नामशेष झाला असं धरून चालले होते. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघं जुन्या नोंदींचा माग काढत आले आणि शहाद्याजवळच्या सातपुड्यात तो त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. त्यानंतर यावल, तोरणमाळ, मेळघाट आणि मध्य प्रदेशातही तो आढळला.

घराजवळच्या साध्या पिंगळ्याशी त्याची गल्लत होते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, शेपटीवर रुंद पट्टे, पोटाखालचा भाग पांढरा आणि पाय भरदार. मुख्य म्हणजे तो दिवसा वावरतो. हिवाळ्यात सकाळी उन्हाला शेंड्याजवळच्या निष्पर्ण फांदीवर बसलेला असतो.

मला तो पहिल्यांदा दाखवला एका पावरा दादांनी. जानेवारीत सकाळी नऊच्या सुमारास आम्ही नाल्याकाठाने चाललो होतो. ते थांबले आणि कान देऊन ऐकू लागले. एका झाडावर छोटे पक्षी कालवा करत होते. लहान पक्षी एकवटून ओरडतात तेव्हा तिथे घुबड, साप किंवा शिकरा असतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं; त्यांना ते कानांतून माहीत होतं. वाळक्या अंजनावर मुठीएवढा तो पक्षी बसला होता, आणि मान वळवून आमच्याकडे पाहत होता. आम्ही दोघं पंधरा मिनिटं हललो नाही.

तुम्हालाही दिसावा असं मनापासून वाटतं. पण मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. आपल्या हद्दीत परका शिरला असं समजून तो घरटं, पिल्लं सोडून भांडायला येतो. घरट्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. जुन्या झाडांच्या ढोलीत तो घर करतो आणि अशी झाडं वरचेवर कमी होत आहेत.

पालजवळ सुकी नदीवरचं गारबर्डी धरण आहे. परतीच्या वाटेवर तासभर तिथे थांबा. हिवाळ्यात पक्ष्यांचीच ओढ असेल तर एक सकाळ भुसावळच्या पुढच्या हतनूर जलाशयाला द्या. बदकं, हंस, करकोचे पाहायला दुर्बीण हवी. तिथून तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं मंदिर जवळच आहे.

पायात काय, पिशवीत काय

दर माणशी चार लिटर पाणी, त्यातलं एक लिटर मीठ-साखर घातलेलं किंवा ओ. आर. एस. चं. डोक्याला मोठा सुती रुमाल; इथले शेतकरी वापरतात तो बागायती रुमाल जळगावच्या बाजारात कुठेही मिळतो. पायात घोटा झाकणारे बूट, पूर्ण बाह्यांचे मातकट रंगाचे कपडे. विजेरी आणि साध्या औषधांची पुडी. अत्तर नको, भोंगे नकोत. काडेपेटी गाडीतच ठेवा. मार्च-एप्रिलात पडलेला पाचोळा विडीच्या थोटकानेसुद्धा पेटतो आणि डोंगरच्या डोंगर जळतात.

ऊन लागल्याची लक्षणं ओळखा: डोकं ठणकणं, मळमळ, घाम थांबणं, बोलण्यात अडखळणं. सावलीत झोपवा, कपडे सैल करा, ओल्या कापडाने अंग पुसा आणि दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. साप चावला तर आवळून बांधणं, चिरा देणं, मंत्र यात वेळ घालवू नका. तो अवयव न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८, वनविभागाच्या मदतीसाठी १९२६. रेंज नसते, म्हणून निघतानाच मुक्कामाच्या ठिकाणी परतीची वेळ सांगून जा.

अस्वलाबद्दल वेगळं सांगतो. मोह फुलायच्या दिवसांत पहाटे ते झाडाखाली फुलं खायला येतं. त्याला कमी दिसतं, एकदम समोर आलं की बिथरून अंगावर येतं. त्या वेळेला वाटाड्याशिवाय पायी जायचं नाही. आणि झाडाखाली झाडून ठेवलेल्या जागेत जी फुलं पडलेली दिसतात ती कुणाच्या तरी घरचं उत्पन्न असतात. तुडवू नका.

दक्षिणेला पाटणादेवी

ही स्वतंत्र एका दिवसाची फेरी. रेल्वेने चाळीसगाव, तिथून अठरा किलोमीटरवर पाटणादेवी. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचं हे खानदेशी दार. १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. तिन्ही बाजूंनी कडे आणि मध्ये चंडिकेचं यादवकालीन मंदिर. नवरात्रात इथे अलोट गर्दी असते, जंगल पाहायचं असेल तर ते दिवस टाळा. केदारकुंडापर्यंत चाललात तर निम्मी सकाळ जाते. पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वीपासूनची. पाटणादेवीकडून तिथे जाणारी वाट खड्या चढाची आहे, वाटाड्या घेऊनच जा.

गणिताची आवड असणाऱ्याने तर इथे यावंच. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ स्थापला. शके ११२८ मधल्या, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराच्या इथल्या शिलालेखात त्याची नोंद आहे. तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. ‘लीलावती’तली कोडी सोडवणारे विद्यार्थी या डोंगराच्या पोटात बसत असतील, हा विचार मला दर वेळी थांबवतो.

चाळीसगावला परतल्यावर गाडीला वेळ असेल तर स्टेशनजवळचं छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन पाहा.

आणखी दोन दिवस असतील तर तोरणमाळ

जळगावहून एका दिवसात तोरणमाळ करायला जाऊ नका. शहाद्याला मुक्काम करा किंवा वर राहायची सोय आधी करून मगच निघा. शहाद्यातच डिझेल-पेट्रोल भरा, रोख रक्कम काढा. पुढचा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता घाटाचा, सात पायरीच्या वळणांचा, दिवसाउजेडीच चढा. वर सुमारे ११५० मीटर उंचीवर पठार आहे, मध्ये यशवंत तलाव. खाली शहाद्यात पंखा लावून झोपलेला माणूस इथे गोधडी मागतो. महाशिवरात्रीला गोरखनाथांच्या यात्रेसाठी दूरदूरचे लोक पायी येतात. तेव्हा खोली मिळणं अवघड.

पहाटे उठून सीताखाईच्या कड्यावर जा. कठड्याच्या आतच उभे राहा, दगड सैल आहेत. धुकं खोऱ्यातून वर येतं, मग हळूहळू विरतं आणि एकामागे एक डोंगरांच्या रांगा मोकळ्या होत जातात. आठ वाजेपर्यंत तिथेच बसा. नऊला भाकरी-ठेचा खाऊन उतरायला लागलात तर ऊन चढायच्या आत शहाद्यात पोचाल.